सत्तर लाख की बासष्ट?



बरेच दिवस काही लिहिलं नाही, कारण घर आवरत होते. सांगलीत १९९३ साली बांधलेलं आमचं घर आम्ही विकलं आणि या जानेवारीत दोघंही मुलीकडे न्यू जर्सीला राहायला आलो. ती तिथली नागरिक झाल्यावर तिने आमच्या ग्रीन कार्डासाठी अर्ज केला होता.

राहतं घर का विकलं, असं अनेकींनी विचारलं. ह्यांची पेन्शन रुपयांत आणि इथला खर्च डॉलरमध्ये. जावई गुणाचे आहेत, पण प्रत्येक औषधासाठी त्यांच्यापुढे हात पसरायचा नाही, एवढं आमचं ठरलं होतं.

मी बी.कॉम. झाले, पण आयुष्यभर हिशेब लिहिला तो दूध आणि किराण्याचा. या वेळी मात्र शिक्षण कामी आलं. विकायचं तर निघण्याआधीच, हे मी पहिल्यांदा वहीत लिहिलं. भारतात राहणाऱ्याचं ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीचं घर घेताना खरेदीदार एक टक्का टीडीएस कापतो. आपण अनिवासी झालो की हीच कपात कितीतरी मोठी होते आणि परताव्यासाठी थांबावं लागतं. शिवाय ग्रीन कार्ड मिळालं की जगभरातलं उत्पन्न अमेरिकेच्या करात येतं.

एजंट गिऱ्हाईक घेऊन आला तो नेमका दशलक्षण पर्वात, उत्तम शौच धर्माच्या दिवशी. गिऱ्हाईक म्हणालं, "सत्तर देतो काकू. पंचेचाळीस कागदावर, पंचवीस रोख."

खोटं कशाला सांगू, सत्तर ऐकून आधी मलाच हाव सुटली. हे गप्प होते. सकाळीच बस्तीत शौच म्हणजे मनातली लोभाची घाण धुणं, असं ऐकून आले होते, आणि दुपारी मी मनातल्या मनात पंचवीस लाख मोजत होते.

रात्री वही उघडली. दुसरं एक गिऱ्हाईक बासष्ट लाख, सगळे बँकेतून द्यायला तयार होतं. १ एप्रिल २००१ ची किंमत मूल्यांकनकाराने सहा लाख काढली होती. नफा छप्पन्न लाख, घर दोघांच्या नावावर, म्हणून प्रत्येकी अठ्ठावीस. साडेबारा टक्क्यांनी कर. माझ्या नावावर दुसरं उत्पन्न नसल्याने चार लाखांची मूळ सूट माझ्या हिश्श्यातून वजा झाली. सेस धरून दोघांचा कर सहा लाख शहात्तर हजार. बँकेत उरणार पंचावन्न लाख चोवीस हजार.

पंचेचाळीसच्या व्यवहारात कर जाऊन बँकेत उरत होते जेमतेम चाळीस-एक्केचाळीस. बाकी पंचवीस पिशवीत. ती पिशवी ना बँकेत भरता येणार, ना न्यू जर्सीला पाठवता येणार. आणि घराच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड होऊ शकतो.

सकाळी ह्यांना वही दाखवली. हे म्हणाले, "मी कालच नाही म्हणणार होतो. तुझा हिशेब संपायची वाट बघत होतो."

आम्ही बासष्ट घेतले. नात्यातल्या बायकांनी माझ्या सत्यव्रताचं कौतुक केलं, तेव्हा मला लाज वाटली. रोख रक्कम इकडे आणता आली असती तर मी नाही म्हटलं असतं का? ह्यांनी म्हटलं असतं. माझं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. हे मी पर्वातल्या प्रतिक्रमणातही कबूल केलं.

मग सामान. माणशी तेवीस किलोच्या दोन बॅगा. परिग्रह परिमाण मी इतकी वर्षं वाचत होते, वजनकाट्यावर ते पहिल्यांदा कळलं. पितळेची भांडी धाकट्या जावेला, पाटा-वरवंटा शेजारच्या वहिनींना. देव्हाऱ्यातली पार्श्वनाथांची मूर्ती बस्तीत सोपवली, तेव्हा मात्र रडले. पाणी गाळायचं कापड तेवढं पर्समध्ये घेतलं.

इथे हिवाळ्यात साडेचार-पाचलाच सूर्य मावळतो, म्हणून आमचं जेवण चारला. मुलगी ऑफिसातून येते तेव्हा आमची भांडी घासून झालेली असतात. फ्रँकलिन टाउनशिपला जैन मंदिर आहे, रविवारी जावई नेतात. सर्वांत मोठा खर्च आरोग्य विम्याचा. पासष्ट पूर्ण झाली तरी इथे सलग पाच वर्षं राहिल्याशिवाय आपल्याला मेडिकेअर विकतही मिळत नाही. म्हणून बहुतेक रक्कम सांगलीच्या बँकेतच ठेवीत आहे. खातं आता एनआरओ झालंय, लागेल तसे पैसे मागवतो.

विमा आम्ही आमच्या पैशांनी भरला. त्या पैशांतल्या प्रत्येक रुपयाची पावती माझ्या वहीत आहे. रात्री झोप लागते.

तुमच्यापैकी कोणी घर विकायला काढलं असेल, तर रोखीचा आकडा ऐकल्यावर लगेच उत्तर देऊ नका. रात्रभर वही उघडी ठेवा.

जय जिनेंद्र.