आसनगाव ते काळा घोडा

शहरातील वास्तूंकडे केवळ कामापुरते न पाहता त्यांच्यापुढे मुद्दाम थांबावे, त्या कोणी बांधल्या, कोणत्या दगडात बांधल्या आणि कोणाच्या पैशाने बांधल्या याची चौकशी करावी, आणि हे सारे चारचौघांसोबत रस्त्यावर हिंडत करावे, ही मुंबईत गेल्या पंचवीस-तीस वर्षांत रुळलेली प्रथा आहे. १८ एप्रिलचा जागतिक वारसा दिन आणि १९ ते २५ नोव्हेंबरचा जागतिक वारसा सप्ताह ही तिची ठरलेली निमित्ते होत. परंतु १९९९ पासून फेब्रुवारीत नऊ दिवस भरणारा काळा घोडा कला महोत्सव हे तिचे सर्वांत गजबजलेले रूप म्हणावे लागेल. या महोत्सवात नाटके, गाणी आणि चित्रे यांच्या जोडीने ‘हेरिटेज वॉक’ असतात. हेरिटेज वॉक, म्हणजे वारसा-फेरी, यात एखादा वास्तुविशारद किंवा इतिहासाचा जाणकार लहानशा घोळक्याला घेऊन इमारतींच्या कडेकडेने चालतो आणि बोलतो. या हौसेला कायद्याचेही पाठबळ मिळाले आहे. वारसा-इमारतींची यादी करून त्यांच्या पाडकामावर आणि फेरबदलांवर बंधने घालणारी नियमावली मुंबईत १९९५ मध्ये लागू झाली आणि तशा प्रकारची ती देशातील पहिलीच होती.

या फेऱ्यांची सुरुवात बहुधा फोर्ट भागातील एखाद्या पायरीपासून होते. शहापूर तालुक्यातील आसनगावहून निघणाऱ्या प्रवाशाच्या बाबतीत मात्र ती सुमारे ८६ किलोमीटर आधीच, फलाटावर गाडीची वाट पाहतानाच सुरू झालेली असते, कारण ज्या मार्गाने तो शहराकडे जातो तो मार्गच त्या इमारतींचा पाया आहे. स्थानकामागे माहुलीचे सुळके सकाळच्या धुक्यात अर्धेच दिसतात. आसपासच्या पाड्यांत कारवीच्या काठ्यांचा कूड उभा करून त्यावर शेणमातीचा गिलावा दिलेल्या भिंती आणि वर कौले अशी घरे अजून आढळतात, जरी सिमेंटच्या चौकोनी घरांनी त्यांना झपाट्याने मागे रेटले आहे. कुडाची भिंत ही सुद्धा वास्तुकलाच, पण तिच्यापुढे थांबणारी फेरी अद्याप कोणी काढलेली दिसत नाही.

लोहमार्ग कल्याणहून वाशिंदपर्यंत १८५५ मध्ये, आसनगावपर्यंत १८६० मध्ये आणि कसाऱ्यापर्यंत १८६१ मध्ये आला. पुढे थळ घाट चढून तो १८६५ मध्ये इगतपुरीस पोहोचला. वर्षांचा हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि त्याच दशकात मुंबईच्या किल्ल्याचा तट पाडून त्याच्या जागी मोकळ्या मैदानाकडे तोंड केलेल्या सरकारी इमारती उठवण्याचे ठरले. युद्ध संपताच भाव कोसळला आणि अनेक पेढ्या बुडाल्या, तरी घाट ओलांडून गेलेला लोहमार्ग मागे उरला, आणि खानदेश-वऱ्हाडचा कापूस त्यावरून बंदराकडे येत राहिला. फोर्टमधील कमानींचा वैभवकाळ १८७० ते १८९० च्या दरम्यानचा आहे तो यामुळेच.

आसनगावहूनच सुटणाऱ्या गाडीत खिडकी मिळते, ही या स्थानकाची एकमेव चैन. मालडब्यात भेंडीच्या पाट्या चढतात आणि वाशिंद सुटेपर्यंत कोठल्यातरी डब्यात टाळांचा आवाज सुरू झालेला असतो. खडवलीपाशी भातसा आणि टिटवाळ्यापाशी काळू या नद्या लागतात. कल्याणला डब्यातील मोकळी हवा संपते. दिव्यापुढे जलद गाडी १९१६ मध्ये खुल्या झालेल्या, सव्वा किलोमीटरहून अधिक लांबीच्या पारसिकच्या बोगद्यात २०२२ पर्यंत शिरत असे; आता ती बोगदा टाळून, खाडी ओलांडून ठाण्यात येते. बोरीबंदर ते ठाणे हे २१ मैलांचे अंतर १६ एप्रिल १८५३ रोजी पहिल्या गाडीने कापले, तेव्हा तिच्या चौदा डब्यांत सुमारे चारशे निमंत्रित होते. त्या निमंत्रितांत जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट होते. त्यांचा जन्म १८०३ च्या १० फेब्रुवारीचा, मुरबाडचा. म्हणजे शहापूरला लागून असलेल्या तालुक्याचा. हिंदुस्थानात रेल्वे यावी म्हणून १८४५ पासून खटपट करणाऱ्यांत आणि पुढे ‘ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे’ या कंपनीच्या पहिल्या संचालकांत त्यांची गणना होते.

भायखळा स्थानकाची इमारत १८५७ च्या सुमाराची. तिच्या जीर्णोद्धाराला २०२२ मध्ये युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागाचा पुरस्कार मिळाला. महोत्सवाला निघालेल्या प्रवाशाला एक गंमत येथेच ठाऊक असलेली बरी. ज्या पुतळ्यावरून काळा घोडा हे नाव पडले, तो सातव्या एडवर्डचा, त्याच्या युवराजपणीचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये मूळ जागेवरून हलवण्यात आला आणि तो आज भायखळ्यालाच, राणीच्या बागेलगतच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. घोडा गेला तरी नाव जागेला चिकटून राहिले. २०१७ मध्ये त्या चौकात नवा काळा घोडा बसवण्यात आला तो स्वाराविना, आणि हा निर्णय समंजसपणाचा मानावा लागेल.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरणारी गर्दी इमारत पाहत नाही, कारण ती इमारतीच्या आतूनच बाहेर पडते. फेरीत सामील झालेला प्रवासी प्रथमच रस्ता ओलांडून पलीकडे जातो आणि मागे वळतो. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार १८७८ मध्ये सुरू झालेले हे बांधकाम पूर्ण व्हायला दहा वर्षे लागली आणि १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात इमारतीला तिचे नाव देण्यात आले. टोकदार कमानी, मनोरे आणि उंच उतरती छपरे ही गॉथिक शैलीची, म्हणजे मध्ययुगीन युरोपातील चर्चबांधणीतून निघालेल्या पद्धतीची लक्षणे येथे आहेतच. पण त्या कमानींच्या कडेने दगडात मोर, माकडे आणि देशी पानाफुले कोरलेली आहेत आणि ते नक्षीकाम जे. जे. कला विद्यालयाच्या विद्यार्थ्यांच्या हातचे आहे. घुमटाच्या माथ्यावर ‘प्रगती’ची मूर्ती आहे, तर फाटकाच्या खांबांवर ब्रिटनचा सिंह आणि हिंदुस्थानचा वाघ बसले आहेत. युनेस्कोने २००४ मध्ये या वास्तूला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

दर्शनी भिंतीवर कंपनीशी संबंधित व्यक्तींचे दगडी मुखवटे आहेत. त्यांत जमशेटजी जीजीभाई यांच्याप्रमाणे नाना शंकरशेटही आहेत. वारसा-फेरीत स्टीव्हन्सचे नाव हमखास येते, ‘प्रगती’च्या हातातील मशालीकडे बोट दाखवले जाते, आणि मुरबाडच्या या मुखवट्यापर्यंत मान वळेतो घोळका पुढे सरकलेला असतो. ज्या गावी या गृहस्थाचा जन्म झाला तेथे रेल्वे आजही पोहोचलेली नाही. कल्याण-मुरबाड मार्गाची मागणी मात्र अनेक दशकांची आहे. ही गोष्ट दगडात कोरलेली नसल्याने ती कोणी सांगावी, हा प्रश्न फेरी काढणाऱ्यांनी मनावर घेण्यासारखा आहे.

समोर महापालिकेचे मुख्यालय आहे. तेही स्टीव्हन्स यांचेच, १८९३ मधले, आणि त्याच्या माथ्यावरील पंख असलेली स्त्रीमूर्ती मुंबईला हिंदुस्थानातील पहिले नगर ठरवते. त्याच्या आदल्याच वर्षी, म्हणजे १८९२ मध्ये, शहापूर तालुक्यातील तानसा धरणाचे पाणी शहराला मिळू लागले होते. दगडी बांधणीचे, सुमारे पावणेतीन किलोमीटर लांबीचे ते धरण याच पिढीतील अभियंत्यांचे काम असून त्याच नगरपालिकेच्या गरजेतून उभे राहिले. त्या दोन्ही वास्तूंना एकाच प्रकरणात जागा हवी, परंतु एकीपुढे छायाचित्रे काढली जातात आणि दुसरीच्या परिसरातील पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. पुढे भातसा धरणाची भर पडली आणि शहापूर तालुका शहराच्या पाण्याचा मुख्य आधार झाला, तरी हे टँकर थांबले नाहीत.

फेरीचा उरलेला भाग ओळखीचा आणि वेगाने चालणारा असतो. १८७० चे डेव्हिड ससून ग्रंथालय, ओतीव लोखंडाच्या सांगाड्यावर उभे असलेले वॉटसनचे जुने हॉटेल, १८८४ चे निळे केनेसेथ एलियाहू सिनेगॉग, आणि प्रेमचंद रायचंद यांनी मातोश्रींच्या नावाने दिलेल्या देणगीतून उभा राहिलेला, १८७८ मध्ये पूर्ण झालेला राजाबाई मनोरा, हे सारे चालत अर्ध्या तासाच्या आत आहे. ओव्हल मैदानावर आल्यावर मात्र थांबावे. पूर्वेला गॉथिक, पश्चिमेला आर्ट डेको, म्हणजे १९३० नंतरच्या सिमेंट-काँक्रिटच्या, गोलसर सज्जांच्या आणि आडव्या पट्ट्यांच्या इमारती, आणि मधोमध क्रिकेट. या दोन रांगांनाच २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत एकत्र स्थान मिळाले. सरकारी वैभव आणि मध्यमवर्गाची राहती सदनिका एकमेकांकडे पाहत उभी आहेत असे दृश्य अन्यत्र क्वचितच आढळेल, आणि ते पाहण्यास तिकीट लागत नाही.

सायंकाळी परतताना खिडकी मिळत नाही. कल्याणपर्यंत उभे राहावे लागते, टिटवाळ्यानंतर डबा सैल होतो आणि वाशिंदपुढे बाहेर दिवे विरळ होत जातात. आसनगावला गाडी रिकामी होते. शहापूरची माणसे रिक्षात बसतात. किन्हवली-सरळगावच्या वाटेने मुरबाडच्या बाजूस जाणारे प्रवासी स्थानकाबाहेर एस.टी.ची चौकशी करीत उभे असतात.