चिमूटभर पिवळं

मोहरी तडतडून शांत होते, तेलात हिंग विरतो आणि मग चिमूटभर हळद पडते. त्या क्षणी जो उबदार, मातकट, किंचित कडसर वास वर येतो, त्यात सांगलीजवळच्या हरिपूरच्या, हळद साठवायच्या जुन्या पेवांमधला अंधार असतो, शिजवून खळ्यावर पसरलेली हळकुंडं असतात आणि फाल्गुनाच्या उन्हात ती हलवत बसलेल्या बायांचे कोपरापर्यंत पिवळे झालेले हात असतात.

या पिवळ्याचं नाव कर्क्युमिन. 1815 मध्ये ते हळदीतून वेगळं काढलं गेलं, 1910 मध्ये त्याची रचना उलगडली. हळदीत ते शेकडा जेमतेम तीनेक भाग. काचेच्या बशीत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींवर ते घातलं, की त्यांची बेभान वाढ मंदावते, काही पेशी आपणहून मरतात. वाचताना जीव हरखतो. पण पोटात गेलेलं कर्क्युमिन रक्तात फारसं उतरतच नाही, आणि उतरतं त्याचं रूप आतडं नि यकृत झटकन पालटून टाकतात.

बशी म्हणजे देह नव्हे.

मावशीची केमो चालू होती तेव्हा येणारा प्रत्येक जण मायेने काहीतरी आणायचा. कुणी ओली हळद, कुणी काढा, कुणी हळदीच्या अर्काच्या गोळ्या. डॉक्टर म्हणाले, "जेवणातली हळद खुशाल खा. गोळ्या नकोत, औषधांच्या कामात त्या आड येऊ शकतात." तिच्या शिरेत थेंबथेंब उतरणारं व्हिन्क्रिस्टिन आलं होतं सदाफुलीतून, तोंडात घालू नये अशा त्या विषारी झाडातून, ज्याची गुलाबी फुलं मावशी जन्मभर देवाला वाहत आली होती. झाडानेच तारलं तिला. मात्र ते ताटातलं नव्हतं, आणि त्याच्या विषाचं औषध व्हायला किती जणांची वर्षं, किती मोजमाप, किती धीर लागला होता!

मग हळदीने काय केलं?

तोंडाची चव गेलेल्या, पाण्यालाही धातूचा वास येणाऱ्या त्या दिवसांत एका दुपारी स्वयंपाकघरातून वरणाच्या फोडणीचा वास आला आणि मावशी उठून बसली. "थोडा भात कालव गं," म्हणाली. चार घास पोटात गेले. औषध सोसायला अंगात बळ लागतं, आणि बळ अन्नातूनच येतं. हळदीकडून याहून अधिक मागणं मी सोडून दिलंय. आजारी माणसाला भूक लागणं ही काय थोडी गोष्ट आहे?