आजोबांची काळी ट्रंक

एव्हरशाईन सिटी, वसई (पूर्व)

चि. ऋतुजास,


व्हिडिओ कॉलवर तुला कपाटाशेजारची काळी ट्रंक दिसली आणि ‘ही अजून का ठेवलीयस गं आत्या?’ म्हणालीस. फोनवर घाईत सांगायची गोष्ट नव्हे ती, म्हणून लिहितेय.

झाकणावर पांढऱ्या रंगात लिहिलाय तो आजोबांचा आर्मी नंबर. बेळगावला १९२२ पासून मराठा पलटणीचं सेंटर आहे, तिथे ते रंगरूट म्हणून दाखल झाले. राहायला बराक. लांबलचक कौलारू हॉल, दोन्ही बाजूंना ओळीने खाटा, प्रत्येक खाटेखाली एक ट्रंक. कांबळ्याची घडीसुद्धा ठरल्या मापाचीच हवी. स्वतःची म्हणावी अशी जागा तेवढ्या ट्रंकेत: बुटांचं पॉलिश, आजीची पत्रं, तुझ्या बाबाचा बारशाचा फोटो.

बराकीतले सोबती त्यांना भावाहून जवळचे होते. तापात शेजारच्या खाटेवरच्याने रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवल्या, हे ते शेवटपर्यंत सांगत. पण बराक बांधलेली असते एकट्या पुरुषासाठी. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांना ठेवलं, तेच आजचं उल्हासनगर. तिथे बायकामुलांसह राहायची वेळ आली तेव्हा लोकांना बराकींच्या हॉलमध्ये गोणपाटाचे पडदे टांगून संसार मांडावे लागले.

आमची आई, म्हणजे तुझी आजी, मात्र गावीच राहिली. फॅमिली क्वार्टर मोजकी आणि नंबर लावणारे ढीगभर. आजोबा वर्षाकाठी दोन महिने रजेवर यायचे. बाकी शेती, सासू-सासरे, आमची आजारपणं सगळं तिच्या एकटीवर.

पुढे २००२ मध्ये सरकारने तिन्ही सैन्यदलांसाठी विवाहितांच्या निवासस्थानांचा मोठा प्रकल्प हाती घेतला, सुमारे दोन लाख घरांचा. आपल्या भावकीतला एक मुलगा अशाच इमारतीत राहतो. वेगळं स्वयंपाकघर, आतच संडास-बाथरूम, गॅलरीत मुलीची सायकल. त्याची बायको मला म्हणाली, “ड्यूटीवरून आले की मुलीचा अभ्यास तेच घेतात.” मला आईची फार आठवण झाली.

अर्थात क्वार्टर कायमचं नसतं. मुदत संपली किंवा सीमेवर पोस्टिंग आलं, की पुन्हा ताटातूट आहेच. तरी सैनिकाला चांगलं घर देणं म्हणजे उपकार नव्हेत, ते देणं लागतो आपण. आणि ते घर कसं असावं हे आधी त्याच्या बायकोला विचारावं. तुझ्या आजीला कुणी कधी विचारलं नाही.

तुझी,
आत्या