चिरलेली डायल

झिंडेलफिंगेन म्हणजे 1915 पासून डाइमलरच्या कारखान्याचे गाव. मुलाकडे गेलो असता तेथील जुन्या बाजारात आम्ही एक बंद पडलेले खिशातले घड्याळ विकत घेतले. डायलवर अक्षरे होती: 'वेस्ट एंड वॉच कंपनी, बॉम्बे-कलकत्ता'. ही स्विस घड्याळे रेल्वेत नोकरी करणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांच्या खिशात आम्ही पाहिली आहेत. इस्राएलला निघताना वडिलांनी आपले विकले होते.

घड्याळजीने मोडलेला बॅलन्स-स्टाफ नवा घडवला, मेनस्प्रिंग बदलली. चिरलेली डायलही बदलू म्हणाला. आम्ही नको म्हटले. मग त्यावर मुंबई उरली नसती.

घड्याळ नातवाच्या हाती दिले आहे. शुक्रवारी दिवे लावण्यापूर्वी तो चावी देतो. तीसेक तास ते चालते. तेवढ्यात शब्बाथ पुरा होतो.