दादांची गिटार आणि अण्णांचा रेडिओ

जुनी वस्तू मोडावयास धैर्य लागते हे खरे. पण ती दुसऱ्याच्या घरातली असली म्हणजे धैर्यापेक्षा परवानगीच अधिक लागते. आम्हांस ती मिळावयास सहा महिने लागले.

आमच्या थोरल्या बंधूंचे बिऱ्हाड कलकत्त्यास भवानीपुरात. (शहराचे नाव २००१ साली बदलले, पण आमच्या जिभेस ते अजून माहीत नाही.) त्या घरात बाहेरच्या खोलीत एक रेडिओ आहे. अण्णांनी तो १९५९ साली घेतला. लाकडी पेटी, पुढे सोनेरी विणीचे कापड, आणि काचेच्या पट्टीवर आम्ही कधी न पाहिलेल्या शहरांची नावे. दिल्लीहून मराठी बातम्या लागत त्या वेळी शेजारची दोन-तीन मराठी बिऱ्हाडे आमच्याकडे जमत, आणि बातम्या संपल्यावरही बराच वेळ बसत. तो रेडिओ मुका झाल्याला आता पुष्कळ वर्षे लोटली. पण वहिनी त्यावर विणलेला रुमाल घालतात आणि दिवाळीस पुसून ठेवतात.

दादांचा नाद गिटारचा. तीही हवाईयन, मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांडीने वाजवावयाची. मराठी मुलगा ही कोठून शिकला, असे मुंबईपुण्याचे पाहुणे विचारीत. त्यांना बंगाल ठाऊक नव्हता. टाऊ मो हा हवाईयन वादक १९४० नंतरच्या दशकात काही वर्षे कलकत्त्यास राहून गेला. पुढे कवी नझरुल इस्लाम यांचे चिरंजीव काझी अनिरुद्ध यांनी गिटार हाती घेतली. सुनील गांगुलींच्या ध्वनिमुद्रिका तर घरोघर वाजू लागल्या. सुरावरून सुरावर घसरत जाणारे ते वाद्य रवीन्द्रसंगीताच्या मींडेस असे काही मानवले, की जणू ते इथलेच. दादांनी एका बंगाली मास्तरांकडून ते उचलले.

पण विजेची गिटार एकटी बोलत नाही. तारांखाली लोहचुंबकाभोवती बारीक तारेचे वेटोळे असते. तार थरथरली की त्यात किंचित वीज उपजते, एका व्होल्टाचा दहावा हिस्सा म्हणा. तिला कोणी तरी मोठे करावयास हवे. त्या काळच्या रेडिओच्या पाठीमागे ग्रामोफोन जोडण्यासाठी दोन भोके असत. दादांनी त्यांतच गिटारची तार खुपसली, आणि बातम्यांचा रेडिओ गाऊ लागला.

१९६६ सालची गोष्ट. आम्ही चौदा वर्षांचे, दादा विशीचे. त्या संध्याकाळी त्यांचे मित्र ऐकावयास बसले होते आणि आम्हांस चहाचे पेले उचलावयास लावले होते. मत्सर म्हणावा की वात्रटपणा, आम्ही पेटीमागे जाऊन स्पीकरची तार उपटली. गंमत एवढीच की वाजविणारा गोंधळेल! दादांनी आवाज वाढविला, आणखी वाढविला. ट्रान्सफॉर्मरवरचा भार असा एकाएकी नाहीसा झाला म्हणजे त्याच्या वेढ्यांत मूळच्या कितीतरी पट व्होल्टेज उसळते, आणि पातळ वार्निशचे अवगुंठन ते सोसू शकत नाही, हे आम्हांस पुष्कळ पुढे कळले. तेव्हा फक्त जळका वास आला. अण्णा आतून आले. दादांनी पेटीमागे उभ्या असलेल्या आमच्याकडे एकदा पाहिले आणि म्हणाले, "माझ्या हातून झाले."

रेडिओ महिन्याभरात दुरुस्त होऊन आला. गिटार मात्र दोन वर्षे त्यास जोडावयाची नाही, असा हुकूम झाला. आम्ही गप्प राहिलो; आणि गप्प राहावयाची सवय अशी की ती मोडावयास पुढे सोईस्कर दिवसच उगवत नाही. दादा २०२२ साली गेले.

आता गिटार त्यांच्या नातीकडे आहे. तिने बाजारातून एक लहानसा नवा अॅम्प्लिफायर आणला आहे. तो वाईट नाही. पण वहिनी एकदा म्हणाल्या, "वाजते छान. पण ह्यांची गिटार अशी वाजत नसे." कारण आम्हांस ठाऊक होते. व्हॉल्व्हवर जोर पडला म्हणजे तो स्वर एकदम कापीत नाही, कडा गोल करीत नेतो. शिवाय लाकडी पेटी आणि कागदी स्पीकर आपापले रंग मिसळतात. आम्ही म्हणालो, रेडिओतले सामान काढून गिटारपुरता अॅम्प्लिफायर करून देतो.

"म्हणजे रेडिओ मोडणार?"

"आतून, वहिनी."

"भावोजी, आतून मोडणे म्हणजे मोडणेच ना?"

यास उत्तर नव्हते. सहा महिन्यांनी त्यांनी आपण होऊनच विषय काढला. अट दोन: पेटीस करवत लागू नये, आणि काचेवरचा काटा आहे तेथेच राहावा. तो दादांच्या हातचा होता.

पहिले काम पाठ उघडून पॉवर ट्रान्सफॉर्मर आहे की नाही ते पाहणे. कलकत्त्याच्या काही भागांत कित्येक वर्षे डी.सी. वीज होती; म्हणून दोन्ही विजांवर चालणारे पुष्कळ रेडिओ इकडे विकले गेले. त्यांत ट्रान्सफॉर्मर नसतो, लोखंडी सांगाडा थेट विजेच्या तारेस भिडलेला असतो. अशा सांगाड्यास गिटार जोडली तर वाजविणाऱ्याच्या बोटाखालची तार म्हणजे भिंतीतली वीजच. कोणास हा उद्योग करावयाचा असेल तर तसला रेडिओ त्याने तसाच मिटून ठेवावा. आमच्यात ट्रान्सफॉर्मर होता. दोन पदरी दोरीच्या जागी अर्थिंगसह तीन पदरी दोरी घातली.

शेवटचा व्हॉल्व्ह ईएल ८४ आणि विजेस एकमार्गी करणारा ईझेड ८० हे दोघे जिवंत निघाले. मेणकागदाचे कंडेन्सर सगळे काढले. ते गळू लागले की ईएल ८४ च्या ग्रिडवर नको ती वीज जाऊन तो तापून मरतो. इलेक्ट्रोलिटिक तर केव्हाच सुकले होते. ईसीएच ८१ ची आता गरज नव्हती. त्याच्याच नऊ छिद्रांच्या बैठकीत ईसीसी ८३ बसविला, तारा अर्थात नव्याने जोडून. एका काचेत दोन ट्रायोड: पहिला गिटारचा कुजबुजता आवाज पन्नास-साठ पट करतो, दुसरा मधल्या नियंत्रकांत गेलेले भरून काढतो. तो व्हॉल्व्ह चांदनीच्या बाजारात मिळाला, बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा, खोक्यासकट. दुकानदार म्हणाला, "दादा, हे आता कोण नेतो?" कलकत्त्यात प्रत्येक अनोळखी पुरुष दादाच असतो, तरी त्या दिवशी ते कानास लागले.

मग स्पीकरचा ट्रान्सफॉर्मर. त्याच्या स्पीकरकडच्या बाजूस सहा व्होल्ट दिले, तो दुसऱ्या टोकास दोनशे चाळीस उभे राहिले. बोट तेथे नव्हते हे आमचे नशीब. वेढे चाळिसास एक. तीन ओहमचा स्पीकर, गुणिले चाळिसाचा वर्ग, म्हणजे चार हजार आठशे. ईएल ८४ ला हवे तेवढेच. हिशोब जुळला म्हणून खूश होऊन आम्ही त्याची पट्टी पुसली, तो दिसले की बाकी सर्व स्क्रू एका जातीचे आणि याचे दोन निराळे. वेटोळ्यावर पिवळा कागद, त्यावर पेन्सिलीने आकडे. अक्षर दादांचे.

आम्ही वहिनींस हाक मारली, आणि जे छपन्न वर्षे दादांस सांगितले नाही ते त्यांना सांगितले. त्या कागद बघत राहिल्या. "वेढे स्वतः मोजून दिले होते म्हणे कारागिराला," त्या म्हणाल्या. "आणि पैसे शिकवण्या करून फेडले. तार कोणी उपटली ते मात्र कधी बोलले नाहीत." मग चहा ठेवावयास आत गेल्या.

त्या कागदास आम्ही हात लावला नाही.

प्रथम वीज दिली ती साठ वॅटचा दिवा मध्ये ठेवून, एक हात पाठीमागे धरून. दिवा लखलखला नाही, मंद राहिला. आत कोठे घोटाळा नव्हता. पण गिटारऐवजी घुमला तो भुंगा. हीटरच्या दोन तारा एकमेकींस पिळून घेतल्या, गिटारची तार ट्रान्सफॉर्मरपासून दूर नेली, दोन ठिकाणी दिलेली अर्थ एका ठिकाणी आणली. प्रत्येक वेळी बंद करून, कंडेन्सर रिकामे करून, पुन्हा डाग देऊन. आठ दिवस गेले. अखेर कान पेटीस लावावा तेव्हाच ऐकू येईल इतका तो बारीक झाला.

रविवारी संध्याकाळी नातीने गिटार मांडीवर घेतली. काचेमागचा दिवा लागला; काटा होता तेथेच होता. व्हॉल्व्ह तापावयास अर्धा मिनिट लागतो हे तिला ठाऊक नव्हते. "आजोबा, हे चालत नाही," म्हणेपर्यंत तिच्या कांडीखालून स्वर निघाला आणि वर घसरत गेला, जरा बेसूर. पाच वॅटचीच ताकद. खोलीस ती पुरली.

वहिनी दारात उभ्या होत्या. "थोडा मोठा कर," त्या म्हणाल्या.