पेटीतली ऊब

आमच्या आईची खुडूक कोंबडी टोपलीत निमूटपणे जे करी, त्यासाठी मला दिल्लीच्या सरकारी क्वार्टरमध्ये विजेची पेटी आणावी लागली. १२ अंडी, उष्णता ३७.५ अंश, दिवसातून तीनदा उलटापालट. १८व्या दिवसानंतर मात्र हात लावावयाचा नाही. ७व्या रात्री विजेरी धरून पाहिले तो तीन अंडी कोरी. इतरांत तांबड्या शिरांचे जाळे.

१९व्या रात्री दोन तास वीज गेली. सौभाग्यवतीने आपली ठेवणीतली शाल पेटीवर पांघरली.

२१व्या दिवशी एका कवचास तडा गेला आणि पिल्लू थकून थांबले. मी सोलावयास सरसावलो, तोच मुलगी म्हणाली, "बाबा, आजी म्हणते, घाई केली तर रक्त येतं."

हात मागे घेतला. पहाटेपर्यंत पाच निघाली. चार अंडी बोललीच नाहीत.