चढणीचा मासा आणि इतर जिन्नस

नदीचं नाव नॉर्थ अम्पक्वा. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात कॅस्केड पर्वतातून पश्चिमेला उतरते. काळ्या कातळातून वाट काढत जाणारं हिरवं, गार पाणी. त्यातल्या सुमारे ५० किलोमीटरच्या टप्प्यात फक्त नकली माशी बांधूनच गळ टाकता येतो. हा नियम १९५०च्या दशकाच्या सुरुवातीपासूनचा आहे. आमिष नाही, शिशाचं वजन नाही, काट्याला उलटा दात नाही. या टप्प्यावरून काय गेलं आणि काय जायला निघालं आहे, त्याची ही यादी.

बांबूची काठी. सहा त्रिकोणी कांबी तासून सरसाने जोडायच्या, की षट्कोनी काठी तयार. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन कारागीर कलकत्त्याहून येणारा बांबू वापरत. पुढे चीनमधल्या ग्वांगडोंगचा बांबू जास्त सरळ आणि घट्ट तंतूंचा निघाला, कलकत्त्याचा मागे पडला. १९५०मध्ये अमेरिकेने चीनशी व्यापार तोडला, तेव्हा तोही मिळेना. मग फायबरग्लास आलं, १९७०च्या दशकात ग्रॅफाइट. बांबूच्या काठ्या अजून होतात, पण त्या बऱ्याचदा भिंतीवर दिसतात.

रेशमी दोर. जवसाच्या तेलात मुरवलेला. संध्याकाळी रिळावरून पूर्ण सोडवून वाळत घालावा लागे, नाहीतर कुजायचा. प्लास्टिकचा थर दिलेले दोर आले आणि हे काम संपलं. दोराच्या टोकाला जी पारदर्शक तात असे, ती स्पेनमधल्या मुर्सियाहून यायची. कोश विणायच्या बेतात असलेला रेशीमकिडा व्हिनेगारमध्ये मारायचा, पोटातली रेशमाची ग्रंथी काढायची आणि ओढून लांब करायची. वाळली की तात कडक होई, म्हणून गळ टाकण्याआधी भिजत ठेवायची. १९३०च्या दशकाच्या अखेरीस नायलॉन आलं आणि हा धंदा बसला. त्याबद्दल हळहळणारा मला कुणी भेटलेला नाही.

रानकोंबड्याच्या मानेची पिसं. ही नोंद आपल्या घरची. राधानगरी-कोयनेच्या जंगलात पहाटे आरवतो तोच राखी रानकोंबडा. नराच्या मानेवरच्या पिसांना टोकाशी मेणाच्या थेंबासारखा चकाकता, पिवळट ठिपका असतो. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये सामन माशासाठी नकली माशी बांधणारे हे पीस डोळ्याच्या जागी लावत. तीच रीत पॅसिफिक किनाऱ्यावर पोचली. भारतातून या माना व्यापारी माल म्हणून जात. १९६०च्या दशकाच्या अखेरीस भारताने निर्यात बंद केली. आता परदेशात पिंजऱ्यात वाढवलेल्या पक्ष्यांची पिसं दाखल्यासह मिळतात, आणि महाग मिळतात. त्याच पेटीतले ध्रुवीय अस्वलाचे केस १९७२च्या अमेरिकन सागरी सस्तन प्राणी कायद्याने बंद झाले. आता हरणाच्या शेपटीचे केस बांधतात. मासा त्यालाही येतो. या दोन गोष्टी गेल्या ते उत्तमच झालं.

रिळाची करकर. जुन्या इंग्लिश रिळात दातेरी चाकावर पट्टी वाजायची. मासा पळाला की अख्ख्या डोहाला कळे. नव्या रिळाचा ब्रेक मुका असतो. शौकीन लोक अजून वाजणारं रीळ मुद्दाम मागून घेतात. त्यात हौस किती आणि दुसऱ्याला ऐकवणं किती, हे ज्याचं त्याने ठरवावं.

एक फेक, एक पाऊल. डोहाच्या वरच्या तोंडाला उभं राहायचं, माशी तिरकी पलीकडे टाकायची, प्रवाहाने ती अर्धवर्तुळात काठाशी आणली की एक पाऊल खाली सरकायचं. मागून येणाऱ्याने मागेच राहायचं, पुढ्यात शिरायचं नाही. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. गर्दी वाढली तशी ही रीत पातळ झाली.

डोहांची नावं. ही टिकून आहेत. वेस्टर्न कादंबऱ्या लिहिणारा झेन ग्रे १९३०च्या दशकात स्टीमबोट क्रीक या उपनदीच्या तोंडाशी उन्हाळ्यात तंबू ठोकून राहत असे. त्याच्याबरोबर टाकाहाशी नावाचा जपानी स्वयंपाकी होता. ग्रेच्या कादंबऱ्या आता फार कुणी वाचत नाही. टाकाहाशी डोहाचं नाव गळवाले मोसमभर घेतात.

सावली. ही जिन्नस म्हणून मोजायची कुणाला सवय नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर इथले डग्लस फर वृक्ष डोंगरच्या डोंगर कापले गेले, अगदी ओढ्याच्या काठापर्यंत. ओढ्यावर ऊन पडलं, पाणी तापलं, पावसात उघडी माती खाली आली आणि अंडी घालायच्या खडीत बसली. फ्रँक मूर हा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरून आलेला सैनिक. त्याने बायको जीन हिच्याबरोबर १९५७मध्ये नदीकाठी स्टीमबोट इन हे हॉटेल सुरू केलं. लाकूडतोडीने ओढ्यांचं काय होतं हे दाखवणारा ‘पास क्रीक’ नावाचा छोटा माहितीपट १९६८मध्ये निघाला, तो मूरने गावोगाव दाखवला. १९७१मध्ये ओरेगनने जंगलतोडीवर कायदा केला. मूर २०२२मध्ये गेला, ९८ वर्षांचा होऊन. त्याच्या आणि जीनच्या नावाने त्या भागातली सुमारे एक लाख एकर सरकारी जमीन २०१९मध्ये स्टीलहेड या समुद्रातून चढून येणाऱ्या माशासाठी राखून ठेवली गेली.

सुरुंग. स्टीमबोट क्रीकवर बिग बेंड नावाचा डोह आहे. तिथे एक गार ओढा येऊन मिळतो, म्हणून उन्हाळ्यात स्टीलहेड तिथे शेकड्यांनी दाटून उभे राहतात आणि हिवाळी पावसाची वाट बघतात. चोरून मासे मारणारे त्या डोहात सुरुंग उडवत. डोहाचं दुसरं नावच ‘डायनामाइट होल’. १९९९पासून ली स्पेन्सर हा पुरातत्त्वाचा अभ्यासक तिथे कुत्रा सोबत घेऊन राखण करू लागला. उन्हाळा लागला की यायचा, हिवाळी पाणी चढलं की उठायचा. असं जवळजवळ दोन दशकं. बसल्या बसल्या तो मासे काय करतात ते लिहून ठेवी. स्वतः गळ टाकताना तो काट्याचं टोकच कापून टाकी. मासा माशीवर झेपावला, ओढ बसली, की त्याचं काम झालं. त्याच्या राखणीने सुरुंग थांबले. मासेमारीच्या साऱ्या साहित्यात त्या बोथट काट्याइतकी शहाणी वस्तू मला दिसलेली नाही. दुकानात ती मिळत नाही.

आता मासा.

आपल्याकडे पहिल्या पावसात वलगणीचे मासे ओढ्यानाल्यांत चढतात, ते कोकणात सगळ्यांनी पाहिलेलं असतं. स्टीलहेडची चढण समुद्रापासून सुरू होते. पिल्लू नदीत एक ते तीन वर्षं राहतं, मग पॅसिफिकमध्ये उतरतं, तिथे पोसून मोठं होतं आणि वासाच्या खुणेने आपल्याच नदीत परततं. उन्हाळी चढणीचा मासा अंडी घालण्याच्या कितीतरी महिने आधी येतो आणि या काळात जवळजवळ काही खात नाही. तरी पाण्यावरून सरकणाऱ्या पिसांच्या तुकड्यावर झेपावतो. का, याची उत्तरं गळवाल्यांकडे भरपूर आहेत; एकही पटत नाही. पॅसिफिकमधला सामन अंडी घातली की मरतो. स्टीलहेडमधले काही मात्र परत समुद्रात जातात आणि पुन्हा येतात.

आणि जातीने हा मासा म्हणजे साधा रेनबो ट्राउट. मनालीत तळून ताटात येतो तोच. हिमाचलात त्याची शेती होते, निलगिरीत तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आणून सोडला. जगभर टाक्यांतून तो टनावारी वाढतो. म्हणजे जात धोक्यात नाही. धोक्यात आहे ते समुद्रात जाऊन परत येणं. जातीची मोजदाद करणाऱ्या तक्त्यात हे सहज निसटतं, म्हणून यादीत इतकी जागा त्याला दिली.

पाठीवरचा छोटा पर. शेपटीच्या अलीकडे, मांसल, बिनकाट्याचा. उबवणी केंद्रात वाढवलेल्या पिल्लांचा तो ओळखीसाठी कापतात. हाती आलेल्या माशाला तो पर असेल तर मासा रानातला, सोडून द्यायचा. कापलेल्या पराचे मासे नदीत उतरवून संख्या भरून काढता येते, असं बरीच दशकं मानलं गेलं. पण केंद्रातले मासे रानातल्यांशी मिसळले की पुढची पिढी नदीत कमी टिकते, असं अभ्यास सांगतात. सप्टेंबर २०२०मध्ये आर्ची क्रीकच्या वणव्यात सव्वा लाखाहून अधिक एकर जळलं, त्यात नदीकाठची झाडं गेली आणि रॉक क्रीकचं उबवणी केंद्रही गेलं. २०२२मध्ये राज्याच्या आयोगाने उन्हाळी स्टीलहेडची पिल्लं सोडणं बंद करायचं ठरवलं. प्रकरण कोर्टात गेलं. काउंटी काय, संवर्धनवाले काय, सगळेच नदीच्या बाजूने बोलत होते.

ऑगस्टमधला गळ. वणव्यानंतरच्या वर्षी, २०२१मध्ये, पाणी तापलेलं आणि वर चढलेले उन्हाळी स्टीलहेड इतके थोडे, की राज्याने ऑगस्टमध्ये नदी गळासाठी बंद केली. एके काळी हजारांनी मोजलेले मासे त्या वर्षी शेकड्यांवर आले.

हे आकडे रोझबर्गजवळच्या विंचेस्टर धरणावरून येतात. धरण १८९०चं. त्याच्या मासे-जिन्यातून वर जाणारे मासे १९४०च्या दशकापासून मोजले जातात आणि राज्याचं खातं ती मोजणी प्रसिद्ध करतं. ओरेगनात राहणाऱ्या मराठी मंडळींनी सुट्टीत तिकडे जाताना गळ घेण्याआधी ती बघावी. आकडा लहान असेल तर डोहाच्या काठी नुसतं बसावं. त्यासाठी परवाना लागत नाही.